संकटकालीन वाटाघाटींचा ४० तासांचा प्राथमिक वर्ग: पोलीस नसलेल्या एका प्रशिक्षणार्थीचा अभिप्राय

पोलिसांच्या संकटकालीन वाटाघाटीकारांसाठी घेतला जाणारा पाच दिवसांचा, म्हणजे एकूण ४० तासांचा प्राथमिक वर्ग मी नुकताच पूर्ण केला. मी पोलीस सेवेत नाही. आत्महत्येच्या विचाराने ग्रासलेल्या माणसांसाठी चालणाऱ्या एका दूरध्वनी सेवेवर मी काही वर्षे समुपदेशक म्हणून काम करते आहे. अशा पथकांच्या सोबतीला मानसिक आरोग्याच्या क्षेत्रातील एखादा सल्लागार असावा, या विचाराने वर्गातील दोन जागा आमच्यासारख्यांसाठी ठेवलेल्या होत्या आणि त्यांपैकी एक मला मिळाली. वर्ग चालवणाऱ्या संस्थेचे नाव मी देत नाही, कारण मला जे खटकले ते या धर्तीच्या कोणत्याही वर्गात नाव नोंदवण्यापूर्वी तपासून पाहण्यासारखे आहे.

निष्कर्ष आधीच सांगून टाकते. ऐकण्याचे प्रशिक्षण येथे उत्तम मिळते आणि पथक म्हणून काम करण्याचे त्याहूनही उत्तम मिळते. मात्र धीर धरण्याचे हे शास्त्र घड्याळ लावून, घाईघाईत शिकवले जाते, आणि अपयशाशी प्रशिक्षणार्थींची गाठच पडू दिली जात नाही. या दोन उणिवा किरकोळ नाहीत, म्हणून त्यांविषयी पुढे सविस्तर लिहिले आहे.

वर्गात येताना बहुतेकांच्या डोक्यात बँकेतील दरोडेखोर, विमान, खंडणी आणि मध्यरात्रीची मुदत असे चित्र होते, ते पहिल्याच तासाला पुसले गेले. वाटाघाटीकाराला ज्यासाठी बोलावले जाते त्यातील मोठा भाग मागणी नसलेल्या प्रसंगांचा असतो: कोणीतरी दार लावून आत बसलेले असते, कोणीतरी पुलाच्या कठड्यापलीकडे उभे असते, कोणाच्या तरी हातात सुरी असते आणि समोर घरातलेच माणूस असते. प्रशिक्षकांनी येथे ‘ओलीस’ आणि ‘बळी’ या दोन शब्दांत केलेला भेद मला संपूर्ण वर्गातील सर्वांत मोलाचा वाटला. ओलीस हे सौद्याचे साधन असते, त्यामुळे ते जिवंत राहण्यात धरणाऱ्याचा स्वार्थ असतो. परंतु एखाद्याने ज्या व्यक्तीवर राग आहे तिलाच कोंडून ठेवले असेल, तर त्याला पोलिसांकडून काही मिळवायचेच नसते. “मला काही नको, तुम्ही फक्त इथून निघून जा,” हे वाक्य ऐकून नवख्या अधिकाऱ्याला हायसे वाटते. वस्तुतः अनुभवी वाटाघाटीकाराची काळजी तिथून वाढू लागते, कारण देण्याघेण्यासारखे काही उरलेले नसते आणि त्या माणसाची भावना ओसरेपर्यंत बोलत राहण्याखेरीज दुसरा मार्ग नसतो.

पहिल्या सकाळचे दुसरे सत्र इतिहासाचे होते. अशा सत्रांत सनावळ्यांची जंत्री ऐकावी लागते हा माझा अनुभव असल्यामुळे मी सावधपणेच बसले होते, पण येथे प्रत्येक घटना एखाद्या नियमाचे मूळ म्हणून सांगितली गेली. सप्टेंबर १९७१ मध्ये न्यू यॉर्क राज्यातील अ‍ॅटिका तुरुंगात कैद्यांनी कर्मचाऱ्यांना ओलीस धरले. चार दिवसांच्या बोलण्यांनंतर तुरुंग बळाने परत घेण्यात आला आणि त्या कारवाईत ३९ जण मृत्युमुखी पडले, त्यांत १० ओलीस होते. पुढच्याच वर्षी म्युनिकच्या ऑलिंपिकमध्ये इस्रायली पथकातील ११ जण मारले गेले. त्यांपैकी ९ जणांचा अंत विमानतळावर आखलेल्या फसलेल्या सुटकेच्या प्रयत्नात झाला. या पार्श्वभूमीवर न्यू यॉर्कच्या पोलीस दलात हार्वी श्लॉसबर्ग हे मानसशास्त्रातील डॉक्टरेट असलेले गुप्तहेर आणि फ्रँक बोल्झ हे अधिकारी यांनी १९७३ मध्ये ओलीस प्रसंगांसाठी स्वतंत्र पथक उभे केले. त्या पथकाचे घोषवाक्य ‘माझ्याशी बोल’ इतके साधे आहे. त्याच वर्षीच्या जानेवारीत ब्रुकलिनमधील क्रीडासाहित्याच्या एका दुकानात चार बंदूकधारी शिरले आणि सुरुवातीलाच एक पोलीस मारला गेला. सहकारी गेल्यावर दलात कोणती भावना असते हे वेगळे सांगायला नको. तरीही आत घुसण्याचा मोह आवरला गेला, ४७ तासांनंतर उरलेले ओलीस छताच्या मार्गाने निसटले आणि बंदूकधारी शरण आले.

या सत्रातील सर्वांत परिणामकारक उदाहरण मात्र तुलनेने कमी माहीत असलेले होते. ऑक्टोबर १९७१ मध्ये अपहरण झालेले एक छोटे विमान इंधनासाठी फ्लोरिडातील जॅक्सनव्हिल येथे उतरले. वैमानिक संयम ठेवण्याची विनवणी करत होता, परंतु एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी टायरवर गोळ्या झाडल्या. अपहरणकर्त्याने आपली पत्नी आणि वैमानिक यांना ठार करून स्वतःलाही संपवले. पुढे १९७५ मध्ये अपील न्यायालयाने सरकारला दोषी धरले आणि हाती अधिक चांगला मार्ग असताना तो वापरला गेला नाही, असे मत नोंदवले. वाट पाहणे हा केवळ चांगुलपणा नसून ते कायद्याने अपेक्षित असलेले कर्तव्य ठरू शकते, हे सांगण्यासाठी याहून चांगले उदाहरण सापडणे कठीण आहे. वर्गातील पोलीस अधिकारी या ठिकाणी पहिल्यांदा वहीत काही लिहिताना दिसले.

स्टॉकहोमच्या बाबतीत मात्र निराशा झाली. ऑगस्ट १९७३ मध्ये तेथील एका बँकेत ओलीस धरण्याच्या घटनेवरून ‘स्टॉकहोम सिंड्रोम’ ही संज्ञा आली, म्हणजे ओलिसांना धरणाऱ्यांविषयीच आपुलकी वाटू लागणे. ती दहा मिनिटांत, जणू रोगनिदान असावे तशी सांगून संपवली गेली. चार ओलिसांपैकी एका महिलेने आपल्याला धरणाऱ्यांपेक्षा पोलिसांच्या संभाव्य हल्ल्याची अधिक भीती वाटत असल्याचे त्याच वेळी पंतप्रधान ओलोफ पाल्मे यांना फोनवर सांगितले होते. पोलिसांच्या हालचाली आतून कशा दिसतात, हा धडा वाटाघाटीकाराला त्या संज्ञेपेक्षा कितीतरी अधिक उपयोगाचा आहे, आणि तो येथे हातचा गेला.

दुसरा आणि तिसरा दिवस संपूर्णपणे ऐकण्याला दिलेला होता. एफबीआयच्या वाटाघाटी विभागात आकाराला आलेला पाच पायऱ्यांचा जिना हा या भागाचा कणा आहे: लक्षपूर्वक ऐकणे, समोरच्याची भावना समजून घेणे, आपुलकीचे नाते जुळणे, त्यातून शब्दाला वजन येणे आणि अखेरीस वागण्यात बदल होणे. जिना म्हणण्याचे कारण असे की चौथ्या पायरीवर उडी मारता येत नाही, आणि पोलिसांची सवय नेमकी तीच असते. ऐकण्याच्या या कौशल्यांचे मूळ मानसोपचारातील कार्ल रॉजर्स यांच्या कामात असल्यामुळे मला हे दोन दिवस सोपे जातील असा माझा समज होता. तो समज पहिल्या सरावाच्या चौथ्या मिनिटाला संपला.

त्या सरावात दोघांनी एकमेकांकडे पाठ करून बसायचे असते, कारण फोनवर चेहरा दिसत नाही. एकाने आपली अडचण सांगायची आणि दुसऱ्याने दहा मिनिटे एकही प्रश्न न विचारता, सल्ला न देता संभाषण चालू ठेवायचे. हुंकार, सांगितलेल्याचा आपल्या शब्दांत पुनरुच्चार, भावनेचा उल्लेख आणि शांतता एवढीच साधने हाताशी असतात. माझ्या मागे बसलेल्या हवालदारांनी नोकरीतील एका अपमानाचा प्रसंग सांगितला आणि मी न राहवून “होईल सगळं ठीक,” असे म्हणून गेले. प्रशिक्षिकेने ध्वनिमुद्रण थांबवले आणि ते वाक्य मला दोनदा ऐकवले. ते ऐकताना कळले की ते वाक्य मी त्यांच्यासाठी बोललेच नव्हते. त्यांचे दुःख मला ऐकवेना म्हणून स्वतःची सुटका करून घेण्यासाठी बोलले होते. इतक्या वर्षांत माझी ही खोड कोणी माझ्या कानावर अशी घातली नव्हती. पोलिसांची अडचण उलटी होती. त्यांच्या तोंडून “का?” निघाल्याशिवाय राहत नसे, आणि ‘का’ने सुरू होणारा प्रश्न, कितीही हळू आवाजात विचारला तरी, जबाब घेतल्यासारखाच लागतो.

या ठिकाणी भाषेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. प्रशिक्षणाची पुस्तिका इंग्रजीवरून तयार केलेली होती, सराव मात्र मराठीतून झाले, आणि त्या दोहोंमधील फट फार लवकर उघडी पडली. पुस्तिका सांगते की समोरच्याच्या वाक्यातील शेवटचे दोनतीन शब्द प्रश्नार्थक सुरात परत म्हणावेत, म्हणजे तो आपसूक पुढे बोलतो. मराठी वाक्याच्या शेवटी क्रियापदांची रांग असते. “इतकी वर्षं राबलो आणि शेवटी एका चिठ्ठीवर मला घरी बसवण्यात आलं आहे,” असे कोणी म्हटल्यावर “बसवण्यात आलं आहे?” हा प्रतिसाद हास्यास्पद वाटतो, त्या वाक्यातला घाव “एका चिठ्ठीवर” या शब्दांत आहे, आणि तेवढेच परत म्हटले की माणूस पुढची दहा मिनिटे बोलतो. भावनेला नाव देण्याचेही तसेच. “तुम्ही चिडला आहात” हे मराठीत आरोपासारखे ऐकू येते, तर “संताप आला असेल” या रचनेत संताप बाहेरून येऊन त्या माणसाला गाठतो आणि त्याची बाजू राखली जाते. आपल्या भाषेची ही सोय पुस्तिकेला ठाऊकच नाही.

अहो-जाहो आणि अरे-तुरे यांचा प्रश्नही सरावातच पुढे आला. ‘तुम्ही’ने सुरुवात करावी यावर सर्वांचे एकमत होते, पण आतल्या तरुणाची भूमिका करणाऱ्या नटाने मध्येच “मला अहो-जाहो करू नका, कचेरीत बसल्यासारखं वाटतं,” असे बजावले आणि वाटाघाटीकार गोंधळला. त्याने सांगितल्यावर ‘तू’वर येण्यात काहीच गैर नाही, उलट ती जवळीक त्याने स्वतः देऊ केलेली असते. धोका आहे तो आपण वैतागलो की नकळत ‘तुम्ही’वरून ‘तू’वर घसरण्यात, कारण ती घसरण समोरच्याला आपल्याही आधी ऐकू येते. प्रशिक्षकांनी या सर्व गोष्टींची प्रामाणिकपणे नोंद घेतली. पुढील पुस्तिकेत त्या येतील अशी आशा आहे.

आत्महत्येविषयी थेट विचारण्याचे सत्र निर्दोष होते. असा प्रश्न विचारल्याने विचार नसलेल्या डोक्यात तो शिरतो, ही समजूत पोलिसांतही खोलवर रुजलेली असते. म्हणून “तुम्ही जीव देण्याचा विचार करत आहात का?” हे वाक्य प्रत्येकाकडून, न अडखळता आणि शब्द न मऊ करता म्हणता येईपर्यंत म्हणवून घेतले गेले. धिप्पाड शरीराच्या एका निरीक्षकांना ते सातव्या प्रयत्नात जमले.

देण्याघेण्याचे नियम चौथ्या दिवसाच्या सकाळी झपाट्याने आटोपले गेले आणि त्यांना तेवढाच वेळ पुरेसाही होता. काही दिले तर बदल्यात काही मागावे; शस्त्र देऊ नये; एका ओलिसाच्या जागी दुसरा माणूस पाठवू नये; स्वतःहून मुदत घालू नये आणि समोरच्याने घातलेली मुदत बोलता बोलता उलटून जाऊ द्यावी. यांपैकी नातेवाइकांविषयीचा नियम मात्र बाहेरच्या माणसाला क्रूर वाटू शकतो. आई किंवा पत्नी बाहेर रडत “मला एकदा त्याच्याशी बोलू द्या,” अशी विनवणी करत असते आणि पथक तिला सहसा फोन देत नाही. कारण ज्या भांडणातून तो आत जाऊन बसला ते कदाचित तिच्याशीच झालेले असते, किंवा आपला शेवट तिने ऐकावा म्हणून तो नेमकी तिचीच वाट पाहत असतो. त्याऐवजी पथकातील एकाने तिच्याजवळ बसून माहिती घ्यायची आणि गरज पडल्यास तिचा निरोप ध्वनिमुद्रित करून, तपासून मगच ऐकवायचा. हे सर्व समजावताना प्रशिक्षकांनी जो संयम दाखवला तो पाहण्यासारखा होता.

आता ज्या भागासाठी मी हा वर्ग कोणालाही सुचवीन त्याकडे वळते. फोनवर बोलणारा एकच असला तरी वाटाघाटी हे एकट्याचे काम नाही. मुख्य वाटाघाटीकाराच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर त्याचा साहाय्यक असतो. तो संपूर्ण संभाषण ऐकतो आणि एक शब्दही बोलत नाही, फक्त चिठ्ठ्या सरकवतो. तिसरा प्रत्येक गोष्ट वेळेसह नोंदवतो, चौथा माहिती गोळा करतो आणि पथकप्रमुख या सर्वांच्या वतीने बाहेरच्या अधिकाऱ्यांशी बोलतो. प्रत्येक सरावात या खुर्च्या बदलल्या जात, त्यामुळे कोणालाही केवळ ‘आपला आवाज’ घेऊन मिरवता आले नाही.

दुसऱ्या खुर्चीवरचा माझा पहिला प्रयत्न लाजिरवाणा ठरला. पथकाने मिळवलेली आतल्या माणसाच्या औषधांची माहिती मला एवढी महत्त्वाची वाटली की मी चार ओळींची सुबक चिठ्ठी लिहिली. मुख्य वाटाघाटीकार ऐकता ऐकता ती वाचू लागला आणि तिसऱ्या ओळीला त्याने ती चक्क मोठ्याने वाचली. पलीकडून नट शांतपणे म्हणाला, “माझ्या गोळ्यांबद्दल तुम्हाला कोणी सांगितलं?” पुढची वीस मिनिटे तो विश्वास परत मिळवण्यात गेली. चिठ्ठीवर एकच गोष्ट, मोठ्या अक्षरांत आणि फार तर तीन शब्दांत लिहायची, हा नियम मला त्यानंतर कोणी सांगावा लागला नाही. मी शेवटच्या दिवशी लिहिलेली चिठ्ठी ‘मुलगी—नाव विचारा’ एवढीच होती.

भिंतीवरच्या फलकांचेही असेच. कोणते विषय काढले की माणूस शांत होतो, कोणते काढले की भडकतो, त्याला काय काय कबूल केले आहे, शस्त्र कोणते, शेवटचे खाणे आणि झोप कधी झाली, हे सर्व वेगवेगळ्या कागदांवर, सर्वांना दिसेल असे लावलेले असते. सहा तासांनी येणाऱ्या नव्या पाळीला मागचे सर्व संभाषण ऐकत बसायला वेळ नसतो. फलक वाचून त्याने खुर्चीवर बसायचे असते. आमच्या दूरध्वनी सेवेवर एका माणसाचा फोन रात्रीतून तीनदा आला तर तिन्ही वेळा तो आपली कहाणी पहिल्यापासून सांगतो. मी परत आल्यावर पहिली गोष्ट केली ती म्हणजे आमच्या खोलीत एक पांढरा फलक लावला.

पथकाबाहेरच्या संबंधांचे एक सूत्र वर्गात अनेकदा ऐकायला मिळते: जो बोलतो तो निर्णय घेत नाही आणि जो निर्णय घेतो तो बोलत नाही. याचा साधा फायदा असा की वाटाघाटीकाराला “मी वरिष्ठांना विचारून सांगतो,” असे खरेपणाने म्हणता येते आणि त्यातून वेळ मिळतो. तोटाही तितकाच खरा आहे, आणि तो सांगण्यासाठी १९९३ मध्ये टेक्सासमधील वेको येथे एका धार्मिक पंथाच्या आवाराला एफबीआयने घातलेल्या ५१ दिवसांच्या वेढ्याचे उदाहरण घेतले गेले. वाटाघाटींमुळे त्या काळात ३५ जण बाहेर आले. परंतु १२ मार्चला दोघे बाहेर आल्यावर त्याच रात्री आवाराची वीज तोडण्यात आली, आणि २१ मार्चला सात जण बाहेर आले त्या संध्याकाळी भोंग्यांवरून कर्कश आवाज सुरू झाले. आतल्यांच्या दृष्टीने बोलणारे आणि शिक्षा करणारे एकच होते; मग सहकार्याचे फळ शिक्षाच असेल तर सहकार्य कोणी का करावे? १९ एप्रिलच्या आगीत सत्तरहून अधिक माणसे दगावली, त्यांत लहान मुले होती. त्यानंतर एफबीआयने वाटाघाटीकार आणि सशस्त्र पथक यांना एका छत्राखाली आणले आणि १९९६ मध्ये मोंटाना राज्यात एका सशस्त्र सरकारविरोधी गटाला घातलेला ८१ दिवसांचा वेढा एकही गोळी न झाडता संपला. हे व्याख्यान उत्कृष्ट होते. ते ऐकायला वाटाघाटीकारांऐवजी त्यांचे वरिष्ठ बसले असते तर अधिक बरे झाले असते. वर्गाने किमान अर्ध्या दिवसासाठी तरी वरिष्ठ अधिकाऱ्यांना बोलवावे, ही सूचना मी अभिप्रायपत्रात लिहिली आहे.

याच विषयाची दुसरी, अधिक अवघड बाजू मात्र वीस मिनिटांत गुंडाळली गेली. १९८० मध्ये लंडनच्या इराणी दूतावासात सहा बंदूकधाऱ्यांनी २६ जणांना ओलीस धरले होते. सहाव्या दिवशी त्यांनी एका ओलिसाला मारून मृतदेह बाहेर टाकल्यावर लष्करी कारवाई झाली, आणि ती सुरू होत असताना पोलीस वाटाघाटीकार त्यांच्या म्होरक्याला फोनवर बोलण्यात गुंतवून ठेवत होता. ज्या आवाजावर सहा दिवस विश्वास बसावा म्हणून खटपट केली, तोच आवाज शेवटी आडोसा म्हणून वापरला गेला. त्या परिस्थितीत हे योग्यच होते असे मला वाटते. परंतु तो फोन हातात धरणाऱ्या माणसाने ते आधीपासून स्वीकारलेले असावे लागते, आणि प्रशिक्षणार्थींपैकी निम्म्यांनी तरी त्याचा कधी विचार केलेला नव्हता. वर्गात एकदम शांतता पसरली असताना प्रशिक्षकांनी पुढची पारदर्शिका लावली.

साधनसामग्रीबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. पेटीत बसवलेला, लांब तारेचा, आत फेकता येणारा फोन प्रत्येकाला हाताळायला मिळाला. मोबाइलच्या काळातही त्याचे महत्त्व आहे, कारण त्यावरून फक्त पथकाशीच बोलता येते. ध्वनिमुद्रणाची सोय चांगली होती, खोल्या मात्र एकमेकींना लागून असल्यामुळे शेजारच्या सरावातील ओरडणे आमच्या संभाषणात शिरत असे.

सरावासाठी आणलेले नट हा या वर्गाचा मोठा आधार आहे. त्यांना ठरलेले संवाद दिलेले नसतात. व्यक्तीचे पूर्वायुष्य दिलेले असते आणि वाटाघाटीकार जसा वागेल तसे त्यांनी बदलायचे असते. वाईट ऐकले तर ते खरोखर फोन ठेवून देत. नोकरी गेलेल्या गृहस्थाची भूमिका करणारे एक मध्यमवयीन नट दिवसाअखेरीस इतके थकलेले दिसत की त्यांना पाहूनच हे काम किती खोलवर घेतले जात आहे हे कळत असे.

तक्रार आहे ती या नटांना दिलेल्या वेळेबद्दल. प्रत्येक सराव ४५ मिनिटांचा होता. प्रत्यक्ष प्रसंग कित्येक तास चालतात, आणि त्यातील मोठा भाग काहीच घडत नसल्याचा असतो: फोन उचलला जात नाही, पलीकडे नुसता श्वास ऐकू येतो, पाळी बदलते, कोणीतरी चहा आणते. हा रिकामा वेळ सहन करता येणे हेच वाटाघाटीकाराचे बळ आहे असे व्याख्यानात सांगितले जाते, आणि सरावात मात्र चाळिसाव्या मिनिटाला प्रशिक्षक घड्याळाकडे पाहू लागतात. परिणामी तिसऱ्या सरावापासून सर्व पथके वेळेत ‘निकाल’ काढण्याच्या मागे लागली. पाच दिवसांत एक तरी सराव संपूर्ण रात्रीचा ठेवला, तर बाकीचे दोन वगळले तरी चालतील.

हे सर्वांत स्पष्टपणे दिसले ते शरणागतीच्या सरावात. माणूस बाहेर यायला तयार झाला म्हणजे काम संपले असे वाटते, प्रत्यक्षात दारापासूनची ती काही पावले सर्वांत धोक्याची असतात. शस्त्र कुठे ठेवायचे, कोणत्या दाराने, हात कसे ठेवून, किती चालायचे, बाहेर बंदुका रोखलेल्या दिसतील आणि बेड्या घातल्या जातील, हे सर्व त्याला एकेक करून आधी सांगायचे असते आणि त्याच्याकडून वदवून घ्यायचे असते. आमच्या पथकाने बेड्यांचे सांगितले नाही. दारात आलेल्या नटाने बेड्या पाहिल्या आणि तो मागे वळून आत निघून गेला. त्याने योग्य तेच केले. आम्ही पुन्हा फोन उचलणार तेवढ्यात वेळ संपल्याची सूचना आली आणि प्रशिक्षक म्हणाले, “ठीक आहे, समजा, तो बाहेर आला.”

पाच दिवसांतील अकराही सराव असेच, खरोखर किंवा ‘समजा’ म्हणून, सुखरूप संपले. शेवटच्या दिवशी मी याविषयी विचारले, तेव्हा प्रमुख प्रशिक्षकांनी दिलेले उत्तर विचार करण्यासारखे होते: पहिल्याच वर्गात माणसाला हरवून पाठवले तर तो पुन्हा त्या खुर्चीवर बसायला येत नाही. यात तथ्य आहे. तरीही आमच्या सेवेवर मध्येच तुटलेले आणि पुन्हा न आलेले फोन असतात, आणि त्यांच्याविषयी दुसऱ्या दिवशी एकत्र बसून बोलण्याची पद्धत नसती तर आमच्यातील निम्मे लोक हे काम सोडून गेले असते. पोलिसांच्या बाबतीत तो शेवट कानांवर नव्हे, डोळ्यांसमोर घडतो. प्रसंगानंतर पथकाने काय करावे यासाठी वर्गात अर्धा तास होता, तोही शेवटच्या दुपारी, मागच्या बाजूला प्रमाणपत्रांची टेबले मांडली जात असताना.

नाव नोंदवू इच्छिणाऱ्यांसाठी दोनचार व्यवहाराच्या गोष्टी. प्रवेशापूर्वी मुलाखत घेतली जाते आणि तीत स्वेच्छेने आला आहात की पाठवले गेला आहात हे विचारले जाते. आमच्या वर्गातील पाठवले गेलेले दोन अधिकारी तिसऱ्या दिवसानंतर मनाने तेथे नव्हते, त्यामुळे ही अट अधिक कडक असावी. एकट्याने जाण्यापेक्षा ज्यांच्यासोबत पुढे काम करायचे आहे अशा निदान दोघांनी मिळून जावे. पूर्वतयारी म्हणून काही वाचण्यापेक्षा आपल्या एखाद्या संभाषणाचे, समोरच्याच्या संमतीने, ध्वनिमुद्रण करून ऐकावे. वर्षातून दोनदा होणारा एक दिवसाचा उजळणी सराव प्रमाणपत्र चालू ठेवण्यासाठी सक्तीचा आहे. पुढच्या उजळणीचे वेळापत्रक आले आहे आणि त्यात शरणागतीच्या सरावाला अडीच तास दिलेले दिसतात, म्हणून मी नाव दिले आहे.